उकळलेला खुळखुळा

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार. जयपूर

अलका आज पाच महिन्यांची झाली. हल्ली हाताला लागेल ते तोंडात जातं. आज दिवसभरात गेलेल्या वस्तू: माझा टाय, प्रतिमाचं मंगळसूत्र, घरमालकीण माँजींच्या ओढणीचं टोक आणि या वहीचा कोपरा. कोपरा अजून ओला आहे, म्हणून आजची नोंद पानाच्या मधूनच सुरू केली.

प्रतिमा म्हणाली, अहो, तिला एखादं खेळणं आणा. तिला वाटतं हे दहा मिनिटांचं काम आहे. मी आयुर्विम्याच्या कचेरीत दाव्यांचे कागद तपासतो. माणसं किती तऱ्हांनी मरतात हे रोज सकाळी साडेदहापासून वाचत बसतो. असा माणूस मुलीच्या हातात कुठलीही वस्तू सहज देणार नाही. शिवाय कचेरीत येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात वाचलं आहे की खेळण्यांच्या रंगात शिसं असतं आणि ते मुलांच्या पोटात गेलं की मुलं आजारी पडतात. प्रतिमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मतलब आता टायच चघळू द्यायचा का.

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून जौहरी बाजार आणि त्रिपोलिया पालथा घातला. चार दुकानं, एकूण अकरा खेळणी तपासली, अकराही नापास. पत्र्याच्या मोटारीच्या कडा अशा की त्यावर भाजी चिरता येईल. रबराच्या बदकाची शिट्टी नखाने उचकटली तर बाहेर आली. कापडी उंट चांगला होता, पण डोळे मण्यांचे, आणि एक मणी मी ओढताच माझ्या हातात आला. लाकडी घोड्याला ओल्या रुमालाने घासलं तर रुमाल हिरवा झाला. तो रुमाल मी दुकानदाराला पुरावा म्हणून दाखवला. त्याने शांतपणे विचारलं, "बाबूजी, खिलौना लेना है कि रिश्ता करना है?"

रुमालाचा रंग धुऊनही गेला नाही. प्रतिमाने तो फडकं म्हणून घेतला.

२२ नोव्हेंबर, बुधवार

कचेरीतल्या एका सहकाऱ्याने हौसेने सेल्युलॉइडची बाहुली आणून दिली. सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं असं ऐकून होतो, पण ऐकीव गोष्टीवर निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून संध्याकाळी बाहुली अंगणात ठेवून काडी लावली. ऐकलेलं खरं होतं.

नेमक्या त्याच वेळी माँजी तुळशीला दिवा लावायला बाहेर आल्या. परक्या मुलखातला भाडेकरू तिन्हीसांजेला अंगणात बाहुली जाळतो आहे हे पाहून त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. प्रतिमा अर्धा तास त्यांच्या स्वयंपाकघरात बसून हा कसलाही टोटका, जादूटोणा नाही हे पटवत होती. येताना मेथीचे लाडू घेऊन आली, त्याअर्थी पटलं असावं. तरी माँजींनी दारावर लिंबू-मिरची टांगली आहे.

२९ नोव्हेंबर, बुधवार

प्रतिमाने आज विचारलं, "तुम्ही लहानपणी कशाशी खेळायचात?"

मी सांगत सुटलो. आमच्या सावंतवाडीची लाकडी खेळणी, त्यांवर लाखेचा रंग. लेथवर लाकूड फिरत असतानाच लाखेची कांडी धरायची, रंग त्यातच बसतो. वर्षानुवर्षं चोखलं तरी निघत नाही. ओल्या रुमालाला काय, ओल्या पोत्यालाही दाद देणार नाही. असं खेळणं मिळालं तर मी डोळे मिटून अलकाच्या हातात देईन, असंही बोलून गेलो. तिने विचारलं, घरी एखादं असेल का अजून. मी म्हटलं, घराबद्दल बोलू नकोस.

इथे लिहायला हरकत नाही. आईने माझ्यासाठी मामाची मुलगी धरून ठेवली होती. मी मुंबईत असताना इंदूरच्या प्रतिमाशी लग्न ठरवलं. आई म्हणाली, "मग माझ्या दारात येव नको." मीही तिचाच मुलगा, गेलो नाही. या गोष्टीला फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. लग्नाला ती आली नाही, अलकाच्या बारशालाही कोणी आलं नाही. मोठ्या माणसाने आधी लिहावं, असं माझं मत आहे. तिने एक ओळ लिहिली असती तर मी चार पानं लिहिली असती.

प्रतिमा म्हणाली, तिकडे घरामागचं फणसाचं झाड पडलं तेव्हा आईंना किती वाईट वाटलं असेल. फणस कधी पडला आणि मी तिला कधी सांगितलं, दोन्ही आठवत नाही, पण सांगितलं असणार. मग ती इंदूरच्या पत्रासाठी टपाल कचेरीत गेली. दर आठवड्याला जाते. माहेरी एवढं लिहायला हिला सुचतं तरी काय.

१७ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

लष्करी छावणीतले सुभेदार सर्जेराव रजेवरून परतले. आजऱ्याचे आहेत. त्यांची बायको आणि प्रतिमा हळदीकुंकवाच्या मैत्रिणी. दुपारी आले आणि नऊवारीच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "सावंतवाडीला कामानिमित्त गेलो होतो. तुमच्या आईसाहेबांनी दिलंय." आत लाखेचा खुळखुळा होता. लाल आणि पिवळा, लांब मुठीचा. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

शेवटी आई नमली. मी इथे आहे हे तिला सर्जेरावांनीच सांगितलं असणार, गावाकडे बातमी लपत नाही. मला भरून आलं, हे खोटं कशाला लिहू. सर्जेरावांसमोर मी खोकल्याचं निमित्त केलं. प्रतिमाने पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. तिला मुळीच आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. कोकणातल्या लोकांबद्दल तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

एकच गोष्ट खटकली. खुळखुळा नवा नाही. मुठीवर बारीक दातांच्या खुणा आहेत. नातीला पहिली वस्तू पाठवायची आणि तीही शेजारपाजारच्या कुणा पोराने चावलेली? आईचा हात पहिल्यापासून आखडता, तरी इतका नसावा. प्रतिमाने खुणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "असू द्या ना. अलकाला द्या." मी म्हटलं, कोण कुठलं पोर, त्याला काय काय झालेलं असेल. आठवडाभर उन्हात राहू दे, मग पाहू. ती काही बोलणार होती, पण हसायलाच लागली.

२४ डिसेंबर, रविवार

माझ्या हातून फार वाईट गोष्ट झाली.

प्रतिमा अलकाला घेऊन सर्जेरावांकडे गेली होती. बालसंगोपनाच्या पुस्तकात स्पष्ट छापलं आहे की बाळाच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू दहा मिनिटं उकळावी. मी पातेल्यात पाणी ठेवलं, उकळी आल्यावर खुळखुळा सोडला आणि घड्याळ लावून शेजारी बसलो. चौथ्या मिनिटाला पाणी गुलाबी झालं. मला वाटलं, वरचा मळ निघतो आहे. आठव्या मिनिटाला पाहतो तर लाल आणि पिवळा एकमेकांत मिसळून पातेल्याच्या तळाला चिकटले होते. दहाव्या मिनिटाला सांधा उकलला आणि आतले खडे एकेक करून बाहेर आले.

लाख उष्णतेने वितळते. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. कचेरीत रोज लाख वितळवून मी लिफाफ्यांवर मोहोर उठवतो. पण ती लाख कचेरीतली आणि ही खेळण्यावरची, दोघींचं नातं डोक्यात आलंच नाही.

प्रतिमा परतली तेव्हा घरभर वास होता. तिने विचारलं, लाखेचा वास कसा येतोय. मी म्हटलं, कचेरीचं एक पाकीट बंद केलं. ती म्हणाली, "रविवारी?" मी म्हटलं, तातडीचं होतं. तिने पातेलं उचललं, आत पाहिलं आणि घासायला टाकलं. खुळखुळा कुठे आहे हे तिने विचारलं नाही, माझं नशीब.

२७ डिसेंबर, बुधवार

खुळखुळा कचेरीच्या खणात आहे, खडे पाकिटात. आईला पोच द्यायला बसलो. ‘खुळखुळा मिळाला, अलका त्याच्याशी छान खेळते’ असं लिहिलं आणि फाडलं. ‘खुळखुळा मिळाला, तो मी उकळला’ असं लिहिलं आणि तेही फाडलं. तीन वर्षांनी तिने एक हात पुढे केला आणि मी त्याला कढत पाणी लावलं. हे तिला कळलं तर ती पुन्हा माझं नाव काढणार नाही. आम्ही दोघं एकाच मातीचे, मला माहीत आहे ती किती काळ राग धरून बसू शकते.

३१ डिसेंबर, रविवार

मनिहारों का रास्ता या गल्लीत लाखेच्या बांगड्या बनवतात. तिथे जुबेदा आपा नावाच्या म्हाताऱ्या बाई निखाऱ्यांपुढे बसतात. त्यांच्यापुढे रुमाल उलगडला. त्यांनी खुळखुळा उचलला, हुंगला आणि विचारलं, हे कशाने झालं. मी खरं सांगितलं. त्यांनी आतल्या खोलीतल्या सुनेला हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मग सुनेने शेजारणीला बोलावलं. तीनदा सांगितलं.

मग आपा म्हणाल्या की आमचं काम बांगडीचं, तरी प्रयत्न करू. पिवळी लाख तुमच्या मुलखासारखी माझ्याकडे नाही, हिरवी लावावी लागेल. मी म्हटलं, काहीही लावा, फक्त रंग निघता कामा नये. आणि मूठ घासून या दातांच्या खुणा काढून टाका.

त्यांनी मूठ उजेडाकडे धरली आणि विचारलं, "ये दाँत किसके हैं?" मी म्हटलं, माहीत नाही, माझ्या आईने कुणाचं तरी जुनं पाठवलं आहे. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माँ ने भेजा है, तो ये मैं नहीं घिसूँगी." कारागीर लोक हट्टी असतात. मी वाद घातला नाही.

१० जानेवारी १९६२, बुधवार

आई येते आहे.

पत्र आलं. ते प्रतिमाच्या नावाने होतं, यावरून रुसवा पुरता गेलेला नाही हे उघड आहे. येत्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार असं सगळे म्हणताहेत. आमच्या कचेरीतही विमा उतरवायला रांग लागली आहे, जग बुडाल्यावर पैसे कोण कुणाला देणार हे कोणी विचारत नाही. आईने लिहिलं आहे की जग बुडायचंच असेल तर आधी नातीचं बोरन्हाण करून घेते. मुंबईला गेलेले इथल्या बँकेतले आनंदराव परत येताना तिला सोबत आणतील. हे सगळं कधी आणि कुणी ठरवलं कोण जाणे.

माझ्या हाताशी दोन आठवडे आहेत.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. आकाशभर पतंग. आपांकडून खुळखुळा घेऊन आलो. लाल आणि हिरवा झाला आहे, थोडा फुगीर, पण ओल्या रुमालाला दाद देत नाही. त्यांना आरसे लावायचे होते, मी सुटतील म्हणून नको म्हटलं. वाजवला तर आवाजही बदलला आहे. पूर्वी खुळखुळ वाजायचा, आता खडखडतो. आईच्या डोळ्यांत आता पूर्वीसारखं तेज नसणार, या आशेवर मी आहे.

२४ जानेवारी, बुधवार

आई आली. स्टेशनवर मी पाया पडलो. माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला. मग प्रतिमाकडे वळून म्हणाली, "पमे, दाढ बरी झाली मगे तुझी?" प्रतिमाची दाढ महिन्यापूर्वी दुखत होती. आनंदराव वाटेत फार बोलतात असं दिसतं.

आई बारीक झाली आहे. तिचं सामान मीच उचललं.

२८ जानेवारी, रविवार

बोरन्हाण झालं. या सणाची रचना कुणी केली त्याने लहान मुलांचा विचार केला नव्हता. बाळाला पाटावर बसवायचं आणि त्याच्या डोक्यावर बोरं, उसाचे करवे, हलवा, चुरमुरे ओतायचे, म्हणजे घशात अडकण्यासारखी जगातली प्रत्येक वस्तू एकाच वेळी. मी सकाळी बसून बारीक बोरं वेगळी काढली. आईने ती पुन्हा त्याच सुपात घातली. सर्जेरावांच्या बायकोने ओंजळ रिकामी केली तेव्हा मी अलकाच्या तोंडापुढे हात धरून बसलो होतो. एकूण आठ बायका मला हसल्या, माँजी धरून.

मग आईने विचारलं, "खुळखुळो खंय?"

प्रतिमाने तो आणून अलकाच्या हातात दिला. अलकाने एकदा वाजवला आणि सरळ माझ्या नाकावर मारला. आई पाहत राहिली, रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिला कमी दिसतं हा माझा अंदाज बरोबर ठरला. सुटलो असं वाटायला हवं होतं. पण जेवण गेलं नाही. तिच्या गप्प राहण्यापेक्षा मला माझं गप्प राहणं जड जायला लागलं आहे.

२९ जानेवारी, सोमवार

कचेरीत गेलो नाही. न्याहारीनंतर आई बाजेवर ऊन खात बसली होती. प्रतिमा अलकाला न्हाऊ घालत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. पातेलं, गुलाबी पाणी, खणातले खडे, आपा, हिरवी लाख. कुणा परक्या पोराचं उष्टं असेल म्हणून उकळला, असंही सांगितलं.

आई म्हणाली, "परक्या पोराचा? अरे, तुझेच दात ते. पयलो दात इलो तेव्हा तुया तो दिवसरात चावत असस. तीस वर्सां पेटयेत जपलंय मी. उकडूक तो काय बटाटो?"

मी बाजेच्या कडेला बसलो. तिने पुढे सांगितलं की हे तिला डिसेंबरमध्येच कळलं होतं. प्रतिमाने दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं. खुळखुळा पाठवा असंही तिनेच लिहिलं होतं. त्याआधी अलका जन्मली तेव्हा लिहिलं होतं, आणि त्यानंतर दर आठवड्याला. आईला दाढ माहीत होती, बाहुली जाळल्याचं माहीत होतं, दुकानदाराचं ‘रिश्ता करना है’ तेही माहीत होतं. फणस पडल्याचं मी सांगितलंच नव्हतं, मला तरी कुठे ठाऊक होतं.

आतून पाण्याचा आवाज थांबला होता. प्रतिमा ऐकत असणार.

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी जे तीन वर्षं गिळून बसलो होतो ते तोंडातून आलं. मी म्हटलं, तिला दर आठवड्याला लिहिलंस. मला एक ओळ लिहायला काय झालं होतं? मी वाट पाहत होतो.

आई म्हणाली, "पत्तो तिणा दिल्यान. तुया खंय दिललंस?"

मी मनात यादी केली. लग्नानंतर लगेच मुंबईहून बदली झाली, इथे आलो, घर घेतलं, मुलगी झाली. कचेरीला पत्ता कळवला, बँकेला कळवला, दूधवाल्यालाही चिठ्ठीवर लिहून दिला. दावा मागणाऱ्याने पत्ता बदलल्याचं कळवलं नाही तर त्याचा कागद मीच परत पाठवतो. आईला मी कळवला नव्हता. ती म्हणाली, पहिलं दीड वर्ष मी मुंबईच्या जुन्या पत्त्यावर लिहीत होते, पाकिटं परत येत होती. किती, ते मी विचारलं. ती म्हणाली, मोजायची नसतात.

६ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रह आले आणि गेले. जग बुडालं नाही. कचेरीतली रांग मोडली, दोघांनी तर हप्ता परत मिळेल का म्हणून विचारलं.

आई परवा निघते. संध्याकाळी मी टपाल कचेरीतून अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा घेऊन आलो आणि प्रत्येकावर इथला पत्ता घालायला बसलो, म्हणजे तिला नुसता मजकूर लिहून टाकायचा. आई शेजारी बसून शाई वाळवत होती. अक्षर मोठं काढ म्हणाली, काढलं. पहिल्या तीन पत्रांवर मी प्रतिमाचं नाव घातलं होतं. आईने ती तीन बाजूला सारली आणि म्हणाली, तिची तिला येतात, ही तुझ्या नावाची हवीत. नाव बदललं. अलका मधेच रांगत आली आणि एका पत्राचा कोपरा तिने तोंडात धरला. शाईत काय काय असतं ते मी सांगणार होतो, पण आईने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा पुढचा पत्ता घालायला घेतला.

चोवीस झाली. मला वाटलं दोन वर्षं पुरतील. आईने ती पिशवीत ठेवली, गठ्ठ्यातलं उरलेलं एक कोरं पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "आता ह्येच्यार माझो पत्तो घाल."

श्रीमती पार्वतीबाई, असं लिहिलं. पुढे आमचं आडनाव, मग तळ्याच्या मागे, सावंतवाडी. तीन वर्षांत हा पत्ता मी एकदाही लिहिला नव्हता. एकही शब्द आठवावा लागला नाही.